पुढचा टायर, मागचा टायर

गेल्या शनिवारी मोटरसायकलचे टायर बदलले. दोन्ही बदलले, पुढचा आणि मागचा, एकाच दिवशी, एकाच कंपनीचे. ह्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं वाटेल तुम्हाला. पण आमच्या घराण्याच्या चाळीस-बेचाळीस वर्षांच्या दुचाकी-इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. आमच्या प्रत्येक गाडीवर पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा टायर असायचा. कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वाटायचं कारण घडलं ते मागच्या नोव्हेंबरात.

झालं असं की, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून कोल्हापूरला गेलो होतो. घरी माझी २००८ सालची पल्सर अजून आहे. तिचा मागचा टायर अगदी गुळगुळीत झाला होता. उद्यमनगराकडच्या एका दुकानात गेलो. पुढच्या टायरवर होता त्याच कंपनीचा मागचा मागितला. दुकानदार म्हणाले, "त्यातला माल न्हाई आत्ता. ह्यो घ्या, ह्यो त्याचा बाप हाय." मी विचारलं, "मामा, मग पुढचा पण बदलू का?" तर म्हणाले, "कशाला? नक्षी हाय की अजून. उगंच पैसं कशाला घालवताय?" पटलं. मागचा बदलला, घरी आलो.

चौथ्या दिवशी आण्णांना मागे बसवून राधानगरीकडे एका लग्नाला गेलो. परत येताना पावसाची एक अवेळी सर येऊन गेली होती. ऊसतोडी नुकत्या सुरू झालेल्या. त्या रस्त्याचं ह्या दिवसांतलं रूप ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको : ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेला चिखल, त्यावर पाचट, त्यावर पाणी. हळदीच्या अलीकडे एका वळणावर समोर अचानक उसाची ट्रॉली दिसली. मी ब्रेक दाबले. वेग फार तर तीस-पस्तीस. पुढचं चाक सरळ निसटलं, आणि आम्ही दोघं रस्त्यावर. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आण्णांचं मनगट मोडलं. वय वर्षं सदुसष्ट. सहा आठवडे प्लॅस्टर.

प्लॅस्टर घालून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर एकच वाक्य बोलले, "पुढचा ब्रेक कशाला दाबलास रं?"

संध्याकाळी भेटायला आलेल्या चुलतभावाने दुसरं निदान केलं. "वेगवेगळ्या कंपनीचे टायर घातल्यावर दुसरं काय होणार!" दोन माणसं, दोन निदानं. आमच्या धंद्यात बग सापडला की आधी 'शेवटचा बदल काय केला होता?' असं विचारतात. शेवटचा बदल म्हणजे मागचा नवा टायर, वेगळ्या कंपनीचा. तेव्हा चुलतभावाचं म्हणणं वरकरणी बिनतोड होतं. पण घसरलं होतं ते पुढचं चाक, ज्याला कुणी हातही लावला नव्हता! तेव्हापासून शनिवार-रविवार ह्याच्याच मागे लागलो. आणि टायर कसा निवडावा ह्या साध्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे, असं लक्षात आलं.

तर अगदी सुरुवातीपासून. हवेच्या टायरचा पहिला शोध रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉटिश माणसाचा, १८४५ सालचा, घोडागाड्यांसाठी. तो कुणी फारसा वापरला नाही आणि जग विसरून गेलं. पुढे १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला आणि पेटंटही घेतलं. दोनेक वर्षांनी थॉमसनचं पेटंट उजेडात आल्यावर ते रद्द झालं, पण तोपर्यंत डनलॉप हे नाव टायरला चिकटलं ते चिकटलंच.

भारतात डनलॉपचा कारखाना आला १९३६ साली, बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला. १९३६ म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला दुसरंच काही आठवावं. दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती राजाराम महाराजांची ती भगवी मेबॅक! ती त्याच सालची. म्हणजे आपल्या शहरातलं सगळ्यात देखणं वाहन आणि आपल्या देशातला पहिला टायर कारखाना एका वयाचे. पण डनलॉप खेड्यापाड्यात पोचला तो मोटारीतून नव्हे, बैलगाडीतून. लाकडी चाकाला लोखंडी धाव, हे हजारो वर्षांचं डिझाइन. त्याजागी हवेचा टायर घातला की तोच बैल कितीतरी जास्त ओझं ओढतो. आजही आपल्याकडे उसाच्या हंगामात 'टायरगाडी' हा शब्द ऐकू येतो तो तिथून आला.

चाळीस सालाच्या आसपास मुंबईत शिवडीला फायरस्टोनचा कारखाना सुरू झाला. मग महायुद्ध आलं. १९४२ साली जपानने मलाया घेतला, जगाचं रबर तुटलं, आणि टायर रेशनवर आले. आपल्या लोकांची टायर जपून, शिवून, रबर चढवून, अगदी कॅनव्हास दिसेपर्यंत वापरायची जी सवय आहे, तिची सुरुवात ह्याच काळात झाली असणार. स्वातंत्र्यानंतरही चित्र फार बदललं नाही. १९५८ ते १९६१ ह्या तीन-चार वर्षांत मुंबईत सिएट, मद्रासला एमआरएफ, हरयाणात बल्लभगडला गुडइयर अशी नावं आली. (एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ साली मॅम्मेन माप्पिल्लई ह्यांनी ती काढली ती फुगे बनवायला! सचिनच्या बॅटवरची ती तीन अक्षरं आपल्या पिढीने गल्लीतल्या प्रत्येक बॅटवर पेनाने गिरवली, पण ती मुळात फुग्यांच्या कारखान्याची, हे कुणाला माहीत होतं?) नावं वाढली, तरी परवान्यांचं राज्य होतं. किती टायर बनवायचे हेही सरकार ठरवायचं. स्कूटरसाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून बसणाऱ्या देशात तिच्या टायरची कंपनी कोण निवडणार?

आण्णांनी १९८२ साली सेकंडहँड बुलेट घेतली. फाउंड्रीतला पगार. त्यांना विचारलं, "तेव्हा टायर कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे कसं ठरवायचा?" ते हसले. "ठरवायचं काय त्यात? दुकानात असंल तो." म्हणजे मिक्सिंग हा आमच्या घरचा निर्णय नव्हताच कधी. ती टंचाईने लावलेली सवय होती. पुढे टंचाई गेली, सवय राहिली.

आता दुसरी सवय, आणि माझ्या मते हीच खरी महत्त्वाची.

त्या काळच्या बुलेटला पुढे-मागे एकाच मापाचे टायर असायचे, ३.२५-१९. स्कूटरचंही तसंच, दोन्ही चाकं ३.५०-१०, वर एक स्टेपनी. (हा 'स्टेपनी' शब्द आला कुठून माहीत आहे? वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ साली तिथल्या टॉम डेव्हिसने जादा चाक विकायला काढलं. रस्त्याचं नाव चाकाला पडलं. इंग्रज तो शब्द केव्हाच विसरले, आपण अजून वापरतोय.) माप एकच असल्यामुळे टायर फिरवता यायचे. आणि फिरवण्याचा नियम ठरलेला : नवा मागे, मागचा अर्धा झिजलेला पुढे. आण्णा हेच करायचे, त्यांचे मित्रही हेच करायचे.

हे मूर्खपणाचं होतं का? तर नाही. त्या काळात हे बरोबरच होतं, किंवा निदान त्याला कारण होतं. पुढचा ब्रेक म्हणजे ड्रम ब्रेक, त्यातून केबलवर चालणारा. जीव खाऊन दाबला तरी गाडी 'बघू, विचार करते' म्हणायची. सगळी भिस्त मागच्या, पायाच्या ब्रेकवर. वर रस्ते खडी-मुरुमाचे, त्यावर पुढचं चाक अडकलं तर सरळ तोंडावर. त्यामुळे 'पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर आपटशील' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने गाडी शिकताना ऐकलेलं असतं. ब्रेक मागचा, इंजिनाची ओढ मागच्या चाकावर, मागे बसणाऱ्याचं आणि दुधाच्या कॅनचं वजनही मागेच. मग चांगला टायर मागेच जाणार. पुढचं चाक नुसतं दिशा दाखवायला.

ऐंशीच्या दशकात जपानी आले. १९८५ साली हिरो होंडा सीडी १००, त्याच वर्षी आरएक्स १००. ह्या गाड्यांनी टायरची मापंच वेगळी केली. आरएक्सला पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. मोटरसायकलला स्टेपनी नाही, मापं वेगळी, आणि मागचा टायर साधारण दुप्पट वेगाने झिजणार. म्हणजे दोन्ही टायर कधीच एकदम संपणार नाहीत. प्रत्येक खेपेला एकच टायर घ्यायचा, त्या दिवशी दुकानात जो असेल तो. इथे मिक्सिंग पक्कं झालं. आणि 'नवा मागे, पुढच्याचं चालतंय' हा नियम मात्र बुलेटच्या जमान्यातला, तसाच्या तसा कॉपी-पेस्ट.

मग १९९९ साली सीबीझेड आली आणि २००१ साली पल्सर. पुढे डिस्क ब्रेक. दोन बोटांनी दाबला की गाडी थांबते! ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं हे भौतिकशास्त्र बुलेटलाही लागू होतं, पण त्याचा फायदा घेणारा ब्रेक आता आला. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना थांबवण्याचं तीन-चतुर्थांश काम, कधी त्याहून जास्त, पुढचं चाक करतं. म्हणजे पंधरा-वीस वर्षांत पुढचा टायर दिशादर्शकाचा मुख्य कामगार झाला. हार्डवेअर बदललं. आपल्या डोक्यातलं सॉफ्टवेअर आण्णांच्या बुलेटचंच राहिलं. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. पण माझी पल्सर २००८ ची. तिला डिस्क आहे, एबीएस नाही. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या मधल्या पिढीतली.

आता टायरवर काय लिहिलेलं असतं ते बघू. मी प्लॅस्टरच्या त्या सहा आठवड्यांत अंगणात बसून मोबाइलच्या उजेडात ते सगळं वाचलं. माझ्या गाडीच्या पुढच्या टायरचं माप २.७५-१७, म्हणजे इंचात. मागचं १००/९०-१७, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, आणि रिम पुन्हा इंचात! एकाच गाडीवर दोन मापनपद्धती. असा कोड कुणी रिव्ह्यूला आणला तर मी परत पाठवेन. पण जुन्याशी जुळवून घेत घेत नवं येतं तेव्हा असंच होतं. पुढे ह्याच २.७५ च्या जागी ८०/१०० असं लिहिलं जाऊ लागलं. गुणाकार केलात तर २.७५ इंच म्हणजे जेमतेम ७० मिलिमीटर. तेव्हा दुकानात कॅल्क्युलेटर काढू नका, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा.

दुसरी अक्षरं पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग. ४ पीआर, ६ पीआर. पूर्वी टायरच्या आत सुती कापडाचे थर असायचे, ते मोजायचे. सुरुवातीला तर साधं विणलेलं कापड होतं. पण इचलकरंजीच्या कुठल्याही मागवाल्याला कळेल की विणलेल्या कापडात उभा-आडवा धागा एकमेकांवर घासतो. टायर फिरताना तेच व्हायचं, आत उष्णता व्हायची आणि धागे तुटायचे. मग आडवे धागे जवळजवळ काढूनच टाकले, फक्त उभे ठेवले आणि एकाआड एक थर तिरके लावले. पुढे सुताची जागा रेयॉनने घेतली, रेयॉनची नायलॉनने. नायलॉनचे दोन थरही सुताच्या चार-सहा थरांचं काम करतात. पण '६ पीआर' हा शब्द राहिलाच. आज त्याचा अर्थ 'सुताचे सहा थर असते तर जेवढी ताकद असती तेवढी' इतकाच.

तिसरं म्हणजे ४१पी, ५५पी असं काहीतरी. आकडा वजनाचा : ४१ म्हणजे १४५ किलो, ५५ म्हणजे २१८ किलो. अक्षर वेगाचं : 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटर. बदली टायर घेताना हे दोन्ही मूळच्यापेक्षा कमी नकोत. कंपनी कुठलीही असो.

आता चुलतभावाचा मुद्दा. वेगळ्या कंपन्यांचे टायर चालतात का? मला सगळ्यात गंमत वाटली ती ही की, पुढचा आणि मागचा टायर कधी एकसारखे नव्हतेच. जुन्या टायरांची नक्षी आठवा : पुढच्यावर लांब उभ्या रेघा, वळताना पकड मिळावी म्हणून. मागच्यावर ठोकळे, ओढ मिळावी म्हणून. आणि २००८ साली यामाहाची एफझी आली तेव्हा तर कंपनीनेच पुढे तिरक्या थरांचा साधा टायर आणि मागे १४०/६० चा रेडियल टायर दिला. एकाच गाडीवर दोन वेगळ्या जातीचे टायर, खुद्द फॅक्टरीतून. पण त्यांनी त्या जोडीची चाचणी घेतली होती. म्हणजे प्रश्न दोन टायर एकसारखे आहेत का हा नाही. ते एकमेकांशी जुळतात का, हा आहे. (उलटी जोडी, म्हणजे पुढे रेडियल आणि मागे साधा, हे मात्र करू नका. गाडीचं मागचं अंग लडबडतं.)

एकाच कंपनीची पुढची-मागची जोडी घेतली तर हे जुळवण्याचं काम कंपनीने आधीच केलेलं असतं. गोलाई, रबराचा मऊपणा, पाण्याला वाट देणाऱ्या खाचा, सगळं एकमेकांना धरून. वेगळ्या कंपनीचे घेतले तर ते काम आपल्यावर येतं, एवढाच फरक. माप, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर आणि जात जुळत असेल, पुढचा टायर पुढच्यासाठीच बनवलेला असेल, बाण फिरण्याच्या दिशेने असेल, तर रोजच्या वापरात वेगळ्या कंपन्यांनी आकाश कोसळत नाही. आकाश कोसळतं ते वेगळ्या वयांनी.

कारण चौथी खूण आहे तारखेची. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या पुढच्या टायरची तारीख काढली, तर तो साडेआठ वर्षांचा निघाला. नक्षी होती, दुकानदार खोटं बोलले नव्हते. गाडी वर्षातून दोन-चार वेळा चालणार, नक्षी झिजणार कशी? पण रबर उभ्या गाडीवरही म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करत जातात. नख रोवून बघितलं तर मागच्या नव्या टायरमध्ये रुततं, पुढच्यात रुतत नाही. कडेला केसासारख्या बारीक भेगा. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी कसाही दिसत असला तरी बदला. मी मागे ताजं, मऊ रबर घातलं होतं आणि पुढे दगड ठेवला होता. मग चिखलात त्या दगडावर डिस्क ब्रेक दाबला.

नवा टायर असता तर गाडी घसरली नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वळणावर चिखलात ब्रेक दाबणं ही माझी चूक होतीच, आणि आण्णांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पण घसरण्याची शक्यता मी स्वतःच्या हाताने वाढवून ठेवली होती. आणि कुठे, तर पैसे वाचवण्यात. किती पैसे, ते लिहायची लाज वाटते. क्ष-किरणाच्या दोन फोटोंना त्याहून जास्त गेले.

तर थोडक्यात, मंडळी. कंपनीवरून भांडण्याआधी ते चार आकडे वाचा. एकच टायर बदलायचा असेल तर दुसऱ्याचं वय बघा, नुसती नक्षी नको. नवा टायर घातला की पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, वरचा गुळगुळीत थर जायला वेळ लागतो. हवा पुस्तकात दिली आहे तेवढीच, पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नको. आणि जुना टायर पुढे, नवा मागे हा नियम वडिलांच्या बुलेटबरोबर इतिहासजमा करा.

शनिवारी दुकानात आण्णाही आले होते. प्लॅस्टर निघालंय, मूठ अजून पूर्ण वळत नाही. दुकानदाराने टायर काढून दिल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला, टायर स्वतःकडे ओढला आणि कडेचे चार आकडे शोधून काढले. "हा गेल्या वर्षीचा हाय. ह्या सालचा दावा." दुकानदार आत गेले आणि दुसरा घेऊन आले.

येताना आण्णा मागे बसले होते. सायबर चौकाच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला, दोन्ही. गाडी सरळ, शांत उभी राहिली. मागून आवाज आला, "पुढचा दाबलास व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

"बरं," म्हणाले.